आभाराची यादी उलटी करा

कुठल्याही स्वयंसेवी संस्थेच्या वर्धापनदिनाला जा, आभारप्रदर्शनाचा क्रम ठरलेला असतो. आधी देणगीदार कंपनीचे अधिकारी, मग प्रमुख पाहुणे, मग विश्वस्त, मग हॉल देणारे, मंडपवाले, माइकवाले. लोक खुर्च्या सरकवून जेवणाकडे निघाले की शेवटचं वाक्य येतं : ‘ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी सहकार्य केलं, त्या सर्वांचे आभार.’

या अज्ञात हातांत कोण असतं? पाड्यावर जाऊन मुलांची वजनं घेणारी सेविका असते. वसतिगृहात पहाटे चूल पेटवणाऱ्या मावशी असतात. रात्री-अपरात्री जीप काढणारा ड्रायव्हर असतो. या सगळ्यांची नावं संस्थेच्या हजेरीपटावर असतात. तरीही ती व्यासपीठावरून घेतली जात नाहीत, कारण ती घ्यावीत असं संस्थाप्रमुखाला वाटलेलं नसतं.

आपल्याकडे संस्थेतले आभार वरच्या दिशेनं जातात. जिथून पैसा येतो तिथे शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. जिथे काम होतं तिथे ‘सर्वांचे’.

कंपन्यांचंच घ्या. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कंपनीनं तुमची संस्था निवडली, त्याबद्दल तिचे आभार जरूर माना. पण खर्च करणं तिला कायद्यानं भाग आहे. भर पावसात ओढा ओलांडून बाळंतिणीला बघायला गेलेल्या कार्यकर्तीला कुठल्याही कलमानं तिकडे धाडलेलं नसतं.

आणि हिशेबनीस? देणग्यांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे गेलं पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात तो माणूस एकेका देणगीदाराला फोन करून पॅन क्रमांक मागत असतो, पावतीवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळवत असतो. देणगीदाराला करसवलतीचं प्रमाणपत्र वेळेवर मिळतं ते त्याच्यामुळे. जूनमध्ये त्याच्या टेबलापाशी जाऊन ‘तुमच्यामुळे निभावलं’ म्हणणारे किती संस्थाप्रमुख आहेत?

हा दोष जुनाच आहे. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. ते योग्यच झालं. पण त्याच कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले वर्षानुवर्षं गावोगाव निधी गोळा करत हिंडल्या. इंग्रजी येत नसताना १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांकडे घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसेही जमवले. ठाकरसी हे नाव मुंबईत रोज हजारोंच्या तोंडी असतं. पार्वतीबाईंचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

वेगळी रीत पडू शकते, हे जामखेडनं दाखवलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० साली तिथे काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून माणसं जामखेड बघायला येऊ लागली. पुढे १९८८ साली वॉशिंग्टनमधल्या आरोग्यविषयक परिषदेत जामखेडचं काम सांगायला त्या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ उभ्या राहिल्या. ज्यानं काम केलं त्याच्याच हातात माइक द्यायचा, यापेक्षा मोठा सत्कार मला तरी सुचत नाही.

आता एक कडू गोष्ट. स्वतः आभार मानायला विसरणाऱ्या संस्था दुसऱ्यांकडून मात्र आभार वसूल करतात. देणगीदार भेटीला आले की वसतिगृहातली मुलं रांगेत उभी राहतात, हातात ‘धन्यवाद’ लिहिलेले फलक, समोर कॅमेरा. त्या मुलाला वह्या मिळाल्या, तो त्याचा हक्क होता. त्याच्या गरिबीचा फोटो काढून अहवालाच्या मुखपृष्ठावर छापणं हा त्याचा अपमान आहे. उलट, त्याच्या आईवडिलांनी आपलं लेकरू तुमच्या भरवशावर ठेवलं, म्हणून तुम्ही त्यांचे ऋणी आहात. हे फलक आजच अडगळीत टाका.

मग संस्थाप्रमुखानं करायचं काय? आभाराची यादी खालून वर वाचायची. वार्षिक अहवालात प्रत्येक कार्यकर्त्याचं नाव आणि त्यानं नेमकं काय केलं, त्याचं एक वाक्य छापायचं. देणगीदार आले की माहिती देण्याचं काम प्रकल्पावरच्या बाईंना सांगायचं, आपण शेजारी बसून ऐकायचं. ‘छान काम चाललंय’ असं मोघम न बोलता ‘मंगळवारी तुम्ही त्या मुलीला परत शाळेत आणलंत’ असं नेमकं बोलायचं. नेमकं बोलण्यासाठी आधी नेमकं पाहावं लागतं, आणि ते पाहणं हेच प्रमुखाचं काम आहे. कार्यकर्ता सोडून गेला तर त्याला गद्दार न ठरवता त्यानं दिलेली वर्षं चारचौघांत मोजून सांगायची.

यांतल्या कशालाच निधी लागत नाही. निधी लागतो तो मानधनाला, आणि खरी कसोटी तिथेच आहे. अनुदानाचा हप्ता अडकला की पहिला फटका सर्वांत कमी पैसे मिळवणाऱ्याला बसतो. ‘आपण सेवा करतोय, थोडं सांभाळून घ्या’, असं त्यालाच ऐकवलं जातं. किराणा दुकानदार सेवाभावावर उधारी देत नाही. दोन-दोन महिने मानधन थकवून वर्धापनदिनाला गुलाबाचं फूल देणं ही कृतज्ञता नव्हे.

संस्थाप्रमुखांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी तिजोरीत पैसे कमी पडले, तर आधी स्वयंपाकघरातल्या मावशींचं मानधन द्या, मग ड्रायव्हरचं, मग कार्यकर्त्यांचं, आणि तुमचं सगळ्यांत शेवटी. एवढं केलंत, तर आभाराचं भाषण नाही केलंत तरी चालेल.