नव्वदची कॅसेट

रॉक संगीतातलं मला कळतं असा माझा समज आहे, आणि वाईत तो खोडून काढणारं कोणी नाही, कारण इथं दुसरं कोणी ते ऐकतच नाही. त्यामुळे माझी मतं वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येत आली. त्यातली ठळक अशी: १९८० नंतर दम असलेला अल्बम निघालेला नाही. 'रीमास्टर्ड' असा शिक्का असलेलं काहीही घरात आणू नये. आणि ज्याला बीटल्सच्या 'ॲबी रोड'पेक्षा 'सार्जंट पेपर' थोर वाटतो त्याच्या घरात मुलगी देऊ नये. हे शेवटचं मत मी लेकीच्या लग्नाच्या बैठकीत बोलून दाखवलं होतं. व्याही म्हणाले, "आमच्याकडं तसलं काही नाही, आम्ही निर्व्यसनी आहोत."

या सगळ्या मतांचा उगम एका कॅसेटमध्ये आहे, हे मला साठी उलटल्यावर आणि तेही चारचौघांत कळलं.

ऐंशीच्या दशकात मी पुण्यात शिकायला होतो. विलायती रेकॉर्ड विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग बोळातल्या एका दुकानात कोरी कॅसेट आणि चिठ्ठी द्यायची आणि आठवड्यानं भरलेली कॅसेट घेऊन यायची. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची म्हणजे पंचेचाळीस. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' ४३ मिनिटांचा. तो नव्वदच्या एका बाजूत अंग चोरून मावतो. बीटल्सचा 'ॲबी रोड' ४७ मिनिटांचा. तो मावत नाही. हे गणित दुकानदाराला ठाऊक होतं. मला नव्हतं, मी कॉमर्सचा होतो.

'ॲबी रोड'च्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं पावणेआठ मिनिटांचं आहे. गिटारची तीच लड पुन्हा पुन्हा येते, मागं वादळी वाऱ्यासारखा घोंघाट चढत जातो, आता काय होतंय म्हणून आपण उशीवरून मान उचलतो, आणि सगळं एकदम तुटतं. पुढच्या गाण्याची गिटार सुरू. मी तडक दुकानात गेलो.

"गाणं अर्धवट भरलंय."

"रेकॉर्डच तशी आहे."

"अशी कशी असेल? टेप वाचवायला तुम्ही मध्येच बटण दाबलंत."

"साहेबांना विचारा."

"कुठल्या साहेबांना?"

"लंडनच्या."

दुकानात आणखी दोन पोरी उभ्या होत्या, त्यामुळे मला माघार घेणं शक्य नव्हतं. ग्राहकाचे हक्क, व्यापाऱ्याची नीती, यावर मी बरंच बोललो. शेवटी त्यानं गल्ल्यातून दोन रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. हा विजय मी पुढं कित्येकांना ऐकवला. प्रत्यक्षात त्या गाण्याचा शेवट तसाच आहे. लेनननं ध्वनिमुद्रकाला टेप तिथंच कापायला सांगितली होती.

कॅसेटच्या त्या बाजूच्या शेवटाला मात्र टेप खरोखर संपली होती. तिथं छोट्या छोट्या तुकड्यांची एक लांब माळ आहे. ती संपता संपता रिंगो स्टारचा ढोल एकटाच वाजतो, मग मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन पाळीपाळीनं गिटारीवर एकमेकांना भिडतात. धुमश्चक्री रंगात येते आणि... खट्. टेपरेकॉर्डरचं बटण वर. या शेवटानं मी वेडा झालो होतो. ज्यांना एवढं सगळं येतं त्यांनी ऐन भरात थांबावं! कॉलेजच्या वार्षिकात मी यावर चार पानी लेख लिहिला. 'अपूर्णतेचं पूर्णत्व' असं त्याचं नाव होतं. मराठीच्या सरांनी तो वाचून मला कविता लिहायचं सुचवलं, एवढा तो दुर्बोध होता.

पुढं बँकेतल्या एका सहकाऱ्याकडं सीडीवर ते गाणं त्या 'खट्'नंतरही चालूच राहिलेलं ऐकलं. मी त्याला समजुतीच्या सुरात सांगितलं, "ही कंपनीनं मागून घातलेली भर आहे, मूळ कृतीत नाही." त्यानं मान डोलावली. तो कर्ज विभागात होता, कागद न बघता विश्वास ठेवायची त्याला सवय होती.

तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा एक कार्यक्रम ऐनवेळी मोकळा झाला. 'मधुमेह: समज-गैरसमज' यावर बोलणारे डॉक्टर येऊ शकत नव्हते. सचिव घरी आले. म्हणाले, "तुमचं ते इंग्रजी गाण्यांचं काहीतरी आहे ना, तासभर रेटा." फळ्यावर 'मधुमेह' पुसून 'रॉक संगीत' लिहिलं गेलं, 'समज-गैरसमज' तसंच राहिलं. लेक माहेरपणाला आली होती. फोन आणि स्पीकर ती सांभाळणार होती. कॅसेट नेतो म्हटलं तर तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी गुमान छत्री घेतली.

सुरुवात 'डार्क साइड'नं केली. १९७३चा अल्बम, अमेरिकेच्या यादीत ९००हून जास्त आठवडे राहिलेला, हे सांगून घड्याळांचं गाणं लावलं. अॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ टिपलं होतं. ती सगळी एकदम ठणाणा वाजू लागतात. माझ्या खोलीत तो क्षण अंगावर काटा आणतो. सभागृहात सात-आठ जणांनी खिशातून फोन काढून कानाला लावले, एकानं श्रवणयंत्र उपसून टेबलावर ठेवलं आणि दोघांनी गोळीची वेळ झाली म्हणून पाणी मागवलं.

मग त्याच अल्बममधली क्लेअर टॉरी लावली. शब्दाविना नुसत्या आवाजावर तोललेलं गाणं. पेटी शिकवणाऱ्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं चालू झाली. संपल्यावर म्हणाल्या, "मुलगी तयार आहे. फक्त समेवर यायचं तिच्या जिवावर येतंय." मी सांगितलं की या गाण्याचे तिला ३० पौंड मिळाले होते, ते पण रविवार होता म्हणून दुप्पट दरानं. सभागृहात चुकचुकाट झाला. २००४ साली तिनं दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन संगीतकारांत तिचं नाव लागलं, असं म्हणताच टाळ्या पडल्या. सगळे निवृत्तिवेतनधारक, थकबाकी मिळाल्याचा आनंद त्यांना रागदारीपेक्षा लवकर कळतो. त्या टाळ्या मी माझ्या रसग्रहणाला समजून झुकून घेतल्या.

लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवर, १९७१च्या, ना बँडचं नाव आहे ना अल्बमचं. आहे तो पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला म्हातारा. हा बंडखोरीचा कळस आहे वगैरे मी बोलू लागलो, पण मागच्या रांगेला म्हाताऱ्याची काळजी लागली होती. तो विल्टशरचा घरं शाकारणारा माणूस होता, १८९२च्या सुमाराच्या फोटोतला, आणि हा शोध २०२३ मध्ये लागला, एवढं सांगितल्याशिवाय त्यांनी मला गाण्याकडं वळू दिलं नाही. वळेपर्यंत वेळ गेली होती.

क्वीनचं तर वाजवताच आलं नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, १९५०च्या दशकात पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकायला होता, शाळेत 'हेक्टिक्स' नावाचा त्यांचा बँड होता, असं मी म्हटलं मात्र, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर उठून उभे राहिले. "म्हणजे पसरणीच्या घाटातनंच गेला असणार." त्या काळी वाई-पाचगणीला किती गाड्या होत्या, पोराला अर्धं तिकीट पडलं असेल की पूर्ण, यावर पुढची दहा मिनिटं गेली. 'अ नाइट ॲट द ऑपेरा'बद्दल मी जे बोलणार होतो ते अजून माझ्या वहीत आहे.

उशीर होतोय म्हणून नव्या अल्बमकडं वळलो. नवे म्हणजे माझ्या हिशेबानं २०००च्या अलीकडचे, केवळ हाणण्यासाठी घेतलेले. गन्स अँड रोझेसच्या आधीच्या मूळ गाण्यांच्या अल्बमनंतर 'चायनीज डेमॉक्रसी' यायला १७ वर्षं लागली. आमच्या भागातला एखादा कालवाही याहून लवकर होतो, आणि त्यातनं निदान पाणी येतं. हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. कोणी हसलं नाही. कालवा समितीचे माजी अध्यक्ष समोरच बसले होते.

मेटॅलिकाचा २००३चा 'सेंट अँगर' लावला तो मात्र अद्दल घडवायला: सव्वा तासात गिटारचा एकही सोलो नाही, आणि ढोल असा की रॉकेलचा डबा. मी टीका सुरू करणार, तोच तबला-ढोलकी मढवणारे काका पुढं सरकले. कान स्पीकरजवळ नेला. "खालच्या तारा सोडल्यात," म्हणाले. "या वाद्याला खालनं तारा असतात, त्या चामड्याला लागल्या की चर्र आवाज येतो. यानं त्या मोकळ्या केल्या. मुद्दाम केलंय. माझ्याकडं असलं गिऱ्हाईक येतं, दुरुस्त करून दिलं की भांडतं." मेटॅलिकाचा ढोलवाला लार्स उलरिक यानं खरोखर तेच केलं होतं. हे मला वाचून ठाऊक होतं, काकांना एका मिनिटात कानानं कळलं. मी वहीतलं पान उलटलं.

रेडिओहेडचा 'इन रेनबोज' २००७ साली इंटरनेटवर 'द्याल ते द्या' या बोलीवर आला होता, एवढं ऐकून कंडक्टर म्हणाले, "आणि कोणी काहीच नाही दिलं तर?" म्हटलं, तरी मिळायचा. "चेकिंग नाही?" नाही. ते बराच वेळ सुन्न होते.

शेवटी 'ॲबी रोड'. आधी मी दुकानदाराची लबाडी सांगितली, दोन रुपयांसकट. लेकीनं फोनवर तेच गाणं शेवटाला नेऊन ठेवलं होतं. घोंघाट चढला, चढला आणि तुटला. "बाबा," ती स्पीकरवरून ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली, "इथंपण तसंच आहे." सचिव म्हणाले, "मग ते दोन रुपये?" मी पुढच्या मुद्द्याकडं गेलो.

पुढचा मुद्दा म्हणजे रॉकच्या इतिहासातला सर्वात धाडसी शेवट. मी डावा हात वर धरला. ढोल झाला, गिटारी भिडल्या. "आता बघा," मी म्हटलं, "आता... इथं!" आणि हात खाली आणला. गिटारी चालूच. पुन्हा आणला. मागच्या बाकावरच्या आजींना वाटलं मी त्यांना बसायला सांगतोय, त्या बसल्या. गिटारी थांबून पियानो आला, मग गळे आले, मग तंतुवाद्यांचा ताफा आला आणि सगळं नीट, सावकाश, लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखं तृप्त होऊन संपलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मी हात कुठं ठेवावा याचा विचार करत उभा होतो.

सचिव आभाराला उठले. "आजचे वक्ते..." एवढं ते म्हणतात तोच स्पीकरमधून धाडकन एक सूर आला आणि मॅकार्टनी गिटारीवर एक छोटंसं गाणं म्हणून गेला. सचिव तोंड उघडं ठेवून थांबले. तेवीस सेकंदांचा तो तुकडा मॅकार्टनीनं टाकून द्यायला सांगितला होता. पण काहीही फेकायचं नाही अशी स्टुडिओची शिस्त, म्हणून जॉन कर्लंडर या तरुण सहायकानं तो थोडी कोरी टेप सोडून शेवटाला जोडून ठेवला, आणि तो तसाच छापला गेला. हे सगळं मला लेकीनं घरी येताना सांगितलं. १९६९ पासून जगाला माहीत आहे म्हणे.

रात्री मी पूर्ण अल्बम ऐकला, हेडफोन लावून, रीमास्टर्ड. स्वच्छ आहे. शेवट चांगला आहे. खरं सांगायचं तर जरा लांबलाय.

लेकीनं सासरी जाताना फोनमध्ये नवे अल्बम भरून दिलेत. रोलिंग स्टोन्सचा २०२३चा 'हॅकनी डायमंड्स' मला आवडला. ऐंशीच्या घरातला जॅगर असा ओरडतो की संघाच्या सभासदांना ऐकवायची भीती वाटते, आणि चार्ली वॉट्सचा ढोल, तो गेल्यानंतर निघालेल्या त्या अल्बममध्ये, दोन गाण्यांत आहे. ग्रेटा व्हॅन फ्लीट ही मिशिगनची पोरं मात्र झेपेलिनची सहीसही नक्कल करतात, असं मी फोनवर लेकीला ठणकावलं. ती म्हणाली, "आणि झेपेलिननं विली डिक्सनच्या गाण्यांचं काय केलं?" तो दावाही तडजोडीत मिटला होता, हे मी कॅसेटवर ऐकलेलं नव्हतं. डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी.चा २०२४चा 'रोमान्स' दोनदा ऐकला. बोळातल्या त्या दुकानदारानं हाच मला तेव्हा भरून दिला असता तर मी त्यावरही चार पानं लिहिली असती. फक्त तो ३७ मिनिटांचा आहे, पूर्ण मावला असता आणि माझी पंचाईत झाली असती.

कंडक्टरांचं वेगळंच सुरू झालंय. नातवानं त्यांना रेडिओहेड लावून दिलं. आता सकाळी गणपतीच्या घाटावर ते मला अडवतात. 'किड ए'च चांगला, 'ओके कॉम्प्युटर'मध्ये गिटारी फार, असं त्यांचं म्हणणं. मी १९९७ला काय परिस्थिती होती ते समजावून सांगतो, ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते खरं, पण तुम्ही पूर्ण ऐकलाय ना?"

पुढच्या महिन्यात मधुमेहाचे डॉक्टर नक्की येणार आहेत. पेटीच्या बाईंनी सचिवांना सांगितलंय की साखरेला अर्धा तास पुरे, उरलेल्या अर्ध्या तासात त्या तीस पौंडवाल्या मुलीला ठेवा. सचिव परवा घरी येऊन गेले. मला बोलावलेलं नाही. स्पीकर तेवढा मागून नेला.