दहा श्रेयांक गोष्टीलाही द्या

ठाण्याशेजारच्या कळव्याची मुलगी मराठीत एम.ए. करते तेव्हा तिला चार सत्रांत ८८ श्रेयांक मिळवावे लागतात. दर सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधनपद्धती, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प, मग संशोधन प्रकल्प. त्याचे तिसऱ्या सत्रात ४ श्रेयांक आणि चौथ्यात ६. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्याने २०२३ मध्ये घालून दिलेली ही चौकट आहे. ती पार करेपर्यंत या मुलीने दुसऱ्यांच्या लेखनावर वह्याच्या वह्या भरलेल्या असतात. तिने स्वतः लिहिलेली गोष्ट मात्र एकाही प्राध्यापकाला वाचावी लागत नाही.

माझी मागणी सरळ आहे. प्रकल्पाचे हे १० श्रेयांक ज्यांना हवेत त्यांना कथासंग्रहावर, कादंबरीवर, नाटकावर, कवितांवर मिळू द्या.

लगेच उत्तर येतं की लेखक जन्मावा लागतो, घडवता येत नाही. मग १८५७ पासून जे. जे. कला महाविद्यालयात काय चाललंय? तिथे चित्रकाराची परीक्षा चित्र काढून होते. गांधर्व महाविद्यालयाच्या विशारदला परीक्षकांसमोर बसून गावं लागतं. मुंबई विद्यापीठाच्या नाट्यशास्त्राच्या मुलांना रंगमंचावर उभं राहावं लागतं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखन शिकवतात. साहित्याच्या विद्यार्थ्यानेच तेवढं दुसऱ्याबद्दल लिहायचं, हे कुणी ठरवलं? काही ठिकाणी सर्जनशील लेखनाची एखादी अभ्यासपत्रिका ठेवतात. एका पत्रिकेत कथासंग्रह उभा राहत नाही.

दुसरं उत्तर हमखास येतं, ते कामगारकवी नारायण सुर्व्यांचं. सुर्वे कुठल्या वर्गात शिकले? वर्गात नाही शिकले, पण एकटेही शिकले नाहीत. त्यांच्याभोवती कामगार चळवळ होती, सभा होत्या, शाहीर होते, कविता ऐकून तोंडावर मत सांगणारी माणसं होती. आजच्या कळव्यात रात्रपाळी करून एम.ए. करणाऱ्या पोराला अशी माणसं कुठे भेटणार?

मराठीत लेखनाचा खरा पदव्युत्तर वर्ग एके काळी होता. तो गिरगावातल्या खटाववाडीत, मौज प्रकाशनाच्या कचेरीत भरायचा. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथा’ मासिकाकडे आलेली कथा वाचायचे, लेखकाला सविस्तर पत्र लिहायचे, दोष दाखवायचे, पुन्हा लिहायला सांगायचे. गावोगावच्या शिक्षकांना, कारकुनांना टपालाने असा शिक्षक मिळत होता. त्या वर्गाचं दार अरुंद होतं, हेही खरं. म्हणूनच १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांचा राग रास्त होता, आणि तेही एकमेकांचं लेखन वाचून, त्यावर भांडून तयार झाले. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. तिचं काम विद्यापीठांनी उचलायला हवं होतं. ते उचललं गेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कळव्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं वाटत असेल तर सकाळी कारशेडकडे या. फलाटावर येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून माणसं रुळांतून चालत जाऊन कारशेडमधून सुटणारी लोकल पकडतात. १९१६ च्या पारसिक बोगद्यातून जलद लोकल २०२२ पर्यंत कळव्याला वळसा घालून जायच्या. मफतलाल कंपनीला टाळं लागलं, कामगारांची देणी अडकली आणि कितीतरी जण ती हातात पडण्याआधीच गेले. पारसिकच्या डोंगरउतारावरची घरं दर पावसाळ्यात दरडीच्या धास्तीने जागी असतात.

हे सगळं त्या मुलीला ठाऊक आहे. गोष्ट कुठून सुरू करायची, ती कुणाच्या तोंडून सांगायची, गिरणीतून आलेल्या आजोबांना कोणती बोली द्यायची, काय गाळायचं, इथे ती अडते. नेमकं हेच शिकवता येतं. शेजारी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. वाचायची सोय तेव्हाच झाली. लिहिलेलं जाणत्या माणसाला दाखवायची अजून व्हायची आहे.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्येच ठरवलं की वरच्या पदवीच्या प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन चालेल. १९३६ मध्ये तिथे लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. आपले कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात गेले होते. तो पदवीचा अभ्यासक्रम नव्हता, पण लेखकाला विद्यापीठात जागा असते हे मराठी माणसाने तेव्हापासून पाहिलेलं आहे.

आपल्या चौकटीत हे बसवायला नवा कायदा लागत नाही. तिसऱ्या सत्राचे ४ श्रेयांक पहिल्या खर्ड्याला द्या. चौथ्या सत्राचे ६ पुनर्लेखनाला द्या. जास्त श्रेयांक तिथेच हवेत, कारण लेखन पुन्हा लिहिताना शिकलं जातं. एक परीक्षक विभागाबाहेरचा लेखक असू द्या. सोबत पंधरा-वीस पानांचं टिपण घ्या: काय वाचलं, काय बदललं, का बदललं. मार्गदर्शकाकडे विद्यार्थी मोजकेच द्या, म्हणजे पानापानावर पेन्सिल फिरेल. आणि प्राध्यापकाच्या कामाच्या तासांत हे वाचन धरा. नाहीतर तो वाचणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

रिद्धपूरला मराठीचं स्वतंत्र विद्यापीठ सुरू झालं आहे. लीळाचरित्राच्या गावातल्या विद्यापीठाने नव्या गद्याला पदवीचा मान देण्यात पुढाकार घ्यावा, मुंबई विद्यापीठाने मागोमाग यावं. अभ्यासमंडळांवर बसलेल्या मराठीच्या प्राध्यापकांनो, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घाला. आणि एम.ए.ला बसलेल्या मुलामुलींनो, प्रकल्पाचा विषय विचारला जाईल तेव्हा आपल्या कथांची वही मार्गदर्शकापुढे ठेवा आणि लेखी मागणी करा.