शिसं किती मण?

सिंधुदुर्गनगरीत दाखल्यासाठी ताटकळलेले इतिहासप्रेमी चहा घेता घेता १६६४ सालात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीला पोचतात, याला पळवाट म्हणणं बरोबर नाही. पायात शिसं ओतून मालवणच्या कुरटे बेटावर उभारलेला तो किल्ला साडेतीनशे पावसाळे झेलून उभा आहे. मालवणातच राजकोटला ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. पहिलाच पावसाळा, तोही पुरता निघाला नाही. किल्ला वेगळा, पुतळा वेगळा, असं कोणी म्हणेल. कबूल. पण खारा वारा दोघांनाही तोच होता, आणि पुतळा पडल्याचं खापर वाऱ्यावर फोडणाऱ्यांच्या मते तो मालवणात बहुधा त्याच वर्षी नव्याने आला असावा! तरी इतिहासप्रेमींनाही सोडता येत नाही. शिसं किती मण, यावर तासभर हमरीतुमरी. गावच्या साकवाचं अंदाजपत्रक मात्र कोणी मागत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहाच रुपये लागतात.