फुलांचं खरं गिऱ्हाईक

फुलं आपल्यासाठी उमलतात, हा समज माणसाने मोठ्या लाडाने जपला आहे. सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन पाहा. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं बघत फिरणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपलंच स्वागत चालल्याचा भाव असतो. फुलांचं गिऱ्हाईक मात्र वेगळंच. आपली नजर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास संपते. मधमाशीची थेट ३०० पर्यंत पोचते. तांबडा रंग तिला दिसत नाही, पण अतिनील दिसतो, आणि दुकानाची पाटी रंगवली आहे ती तिच्यासाठी.

ही पाटी वाचायची तर कॅमेऱ्याचं पोट फाडावं लागतं. सेन्सरवर अतिनील अडवणारी काच बसवलेली असते, ती काढायची. मग लेन्स. साध्या लेन्सची काच अतिनील किरण गिळून टाकते. निकॉनने क्वार्ट्झ आणि फ्लोराइटची १०५ मिलिमीटरची खास लेन्स काढली होती. तिची किंमत घरात न सांगितलेली बरी. आमच्यासारखे लोक जुन्या एनलार्जरची भिंगं जुगाडून लावतात, आणि काही भिंगं खरंच चालतात. शेवटी फक्त अतिनील सोडणारा फिल्टर: इतका काळा, की डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून आधी साधा फोटो घ्यायचा, मग फिल्टर चढवायचा आणि काही सेकंद श्वास रोखून उभं राहायचं. पठारावरच्या वाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

एवढ्या खटाटोपातून दिसतं काय? सूर्यफुलाच्या सगळीकडे सारख्या पिवळ्या पाकळ्या टोकाशी उजळ आणि बुडाशी काळ्याकुट्ट निघतात. मधोमध नेमबाजीचं लक्ष्य! सोनकी त्याच कुळातली, म्हणून तिच्यापुढेही तिवई आशेने मांडायची. पांढरी फुलं बहुतेकदा काळवंडतात. शुभ्रतेवर कविता करणाऱ्यांनी हे फोटो न बघितलेलेच बरे.

हे सगळं एरवी आपल्याला दिसत नाही, कारण माणसाच्या डोळ्यातलं भिंगच अतिनील अडवतं. १९२३ मध्ये चित्रकार मोनेच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ते भिंग निघालं, तेव्हा त्याला थोडं अतिनील दिसू लागलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. आपण मात्र ऑपरेशनची घाई करू नये. हल्ली भिंग काढल्यावर जे कृत्रिम भिंग बसवतात, तेही बहुधा अतिनील अडवणारंच असतं.

आणि एक. अतिनीलला आपल्या डोळ्यांत रंगच नाही. अशा फोटोतले जांभळे-निळे रंग छायाचित्रकाराने संगणकावर बसून निवडलेले असतात. तेव्हा ‘मधमाशीच्या नजरेतून’ असं लिहिलेला रंगीत फोटो आवडला, तर जरूर दाद द्या; पण छायाचित्रकाराला. मधमाशीला कोणी विचारलेलं नाही.