कार्यशाळेचे कारभारी

सरकारी नोकरीत तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्याच्या हातून कामे करवून घेतल्यावर, निवृत्तिवेतनाचा पहिला हप्ता पदरात पडताच ज्याला आपल्यालाही दोन हात असल्याचा साक्षात्कार होतो, असा एक गृहस्थ नागपुरातल्या बहुतेक प्रत्येक वस्तीत आढळतो. आमचे भाऊसाहेब हे या वर्गाचे सर्वमान्य प्रतिनिधी होत. बांधकाम खात्यात असताना आपण पूल बांधले, रस्ते केले, विश्रामगृहांची कौले फिरवली, असे ते सांगतात, आणि ते खोटेही नाही. मात्र या सर्व व्यवहारात लेखणीहून जड अशी एखादी वस्तू त्यांनी उचलल्याचा पुरावा कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही. निवृत्तीनंतर त्यांनी परसातल्या पत्र्याच्या खोलीत, जिथे पूर्वी गोवऱ्या आणि मोडक्या सायकली नांदत, एक कार्यशाळा स्थापन केली. रंधा, पटाशा, गिरमिट, कानशी आणि एक दणकट शिकंजा असा सरंजाम इतवारीतून खरेदी झाला. आणि येत्या भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी सागवानी चौरंग स्वहस्ते करून देण्याचे वचन वहिनींना चारचौघांत दिले गेले.

चौरंगाला आरंभ व्हावयाचा, तोच वैशाख आला. नागपूरचा वैशाख ही काय चीज आहे हे ज्याने अनुभवले नाही, त्याला ४५ अंश हा नुसता आकडा वाटतो. ज्याने अनुभवले आहे तो नवतपा संपेपर्यंत दुपारी कोणाच्याही दारी जात नाही. त्यातून पत्र्याचे छप्पर. पत्रा उष्णता केवळ आत सोडून थांबत नाही, तो स्वतः तापतो आणि खाली बसलेल्याच्या टाळूवर तिचा अखंड वर्षाव करीत राहतो, आणि पंखा लावावा तर तो वरचीच झळ खाली ढकलतो. कारागिराचे डोके तापलेले असताना काटकोन साधत नाही, असा निर्णय देऊन भाऊसाहेबांनी चौरंग तहकूब केला आणि खोली थंड करण्याचे काम हाती घेतले. मिस्त्री बोलावण्याची सूचना त्यांनी तुच्छतेने फेटाळली. सगळे स्वहस्तेच व्हावयाचे होते.

स्वहस्ते म्हणजे अर्थातच रीतसर. तपशीलवार अंदाजपत्रक तीन प्रतींत तयार झाले. अर्जदार तेच, छाननी करणारे तेच आणि तांत्रिक मंजुरी देणारेही तेच असल्याने मिसल विलक्षण वेगाने सरकली, आणि तटली ती केवळ वहिनींकडे, कारण खजिना त्यांच्या ताब्यात. त्यांनी त्यावर ‘आधी माजघरातला पंखा दुरुस्त करा’ असा शेरा मारला, तो भाऊसाहेबांनी ‘विषयाशी असंबद्ध’ म्हणून दप्तरी दाखल केला.

त्यांचे शास्त्र चुकीचे नव्हते, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. उष्णता आधी छपरावरच अडवावी, अडवूनही आत येईल तिला वरच्या बाजूने वाट द्यावी, आणि मग उरलेल्या हवेला गारवा आणावा, हा क्रम कोणालाही मान्य व्हावा. अडवण्याचा सर्वांत स्वस्त आणि बराच गुणकारी उपाय म्हणजे पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात देणे. परंतु चुना कोणीही फासतो, एवढ्याच कारणास्तव तो त्यांना वर्ज्य होता. ज्या उपायाला नकाशा लागत नाही त्याला हे लोक उपायच मानत नाहीत. भाऊसाहेबांनी चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद आणला आणि तो आतून पत्र्याला घट्ट चिकटवला. पुढे त्यांच्याच वाचनात आले की या कागदाचा पुरेपूर गुण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये हवेची पोकळी सोडल्यावरच मिळतो, आणि पत्र्याला भिडला की तोही पत्र्यासारखाच तापतो. कागद खरवडून काढण्यात ज्येष्ठाचा पूर्वार्ध गेला. मग पट्ट्या ठोकल्या, पोकळी सोडली, थर्मोकोल आले, थर्मोकोल ठिणगीने पेट घेते म्हणून त्याखाली जिप्समची फळी आली, आणि धार लावण्याच्या यंत्राची बदली ओसरीवर झाली. झळ मात्र खरोखरच कमी झाली. तापमानाच्या नोंदवहीत दर तासाची नोंद आहे, आणि पाहुण्याला ती वाचल्यावाचून चहा मिळत नाही.

खरी गंमत कूलरने केली. कूलरचे मर्म असे की, कोरडी हवा ताटीतल्या पाण्याचे बाष्प करते आणि त्याला लागणारी उष्णता स्वतःच्या पदरची मोजते. एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी, हा दर भाऊसाहेबांना मुखोद्गत होता. हा सौदा चालू राहायचा तर दमट झालेल्या हवेला बाहेर जाण्यास आणि कोरड्या हवेला आत येण्यास वाट हवी. म्हणूनच कूलर खिडकीबाहेर बसवतात आणि समोरचे दार किलकिले ठेवतात, हे नागपुरात शाळकरी पोरालाही कळते. पण ज्याने फटीन् फट स्वतः फोमच्या पट्टीने बुजवली आहे, त्याला पैसे मोजून केलेला गारवा दारावाटे निघून जाताना कसा पाहवणार? त्यांनी कूलर खोलीच्या आत ठेवला आणि दार लावून घेतले. तासाभरात तिथे रत्नागिरीचा आषाढ अवतरला. वहिनींनी जाता जाता खिडकी उघडली, तेव्हा त्यांना विनापरवाना हस्तक्षेपाबद्दल लेखी समज मिळाली. आठवड्याभरात पटाशांवर तांबूस गंज चढला आणि हत्यारांच्या कपाटाचे खण फुगून असे बसले की ते उघडण्यासाठी लागणारी पक्कड त्यांच्याच आत राहिली.

यावर भाऊसाहेबांनी इतिहासाचा आधार घेतला. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवा नियंत्रित करण्याची यंत्रणा आखली, ती घामाघूम कामगारांच्या कळवळ्याने नव्हे, तर दमट हवेत कागद फुगून-आकसून रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसेनात म्हणून. सबब वातानुकूलन ही चैन नसून साहित्याची निगा आहे, आणि दीड टनाचे यंत्र आपण स्वतःसाठी नव्हे, पटाशांसाठी मागत आहोत, असे निवेदन त्यांनी खजिन्याकडे सादर केले.

“मग पटाशांना राहू द्या नं तिथं,” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही घरात या. वरण निवतंय.”

प्रस्ताव विचाराधीन असतानाच मृगाचा पाऊस आला. पट्ट्या धरण्यासाठी पत्र्याला मारलेले स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारावयाचे असतात. ते भाऊसाहेबांनी, हाताला सोयीचे पडतात म्हणून, खोलगटात मारले होते, आणि पाणी खोलगटातूनच वाहते. जिप्समची फळी पोटुशी झाली आणि शिकंज्यावर धार लागली. पंचनाम्याला पंच म्हणून माझी सही आहे. पुढे खातेनिहाय चौकशी झाली. चौकशी अधिकारी आणि कसूरदार एकच असूनही ती अत्यंत निःपक्षपातीपणे चालली आणि नैसर्गिक आपत्तीवर ठपका ठेवून बंद झाली.

भाद्रपद तोंडावर आला तशी वहिनींनी इतवारीतून एक म्हातारा सुतार बोलावला. भाऊसाहेबांनी मोठ्या मनाने कार्यशाळा त्याच्या हवाली केली. त्याने आत डोकावून पाहिले, फोमच्या पट्ट्या पाहिल्या, आणि म्हणाला, “इथं गुदमरते जी. मी निंबाखाली बसतो.” उघाडीच्या दोन दिवसांत चौरंग तयार झाला. दोन्ही दिवस भाऊसाहेब शेजारी खुर्ची टाकून, छत्री आणि नोंदवही घेऊन हजर होते. सुताराने मजुरीच्या पावतीवर अंगठा उठवताच त्याखाली ‘काम जातीने लक्ष घालून पूर्ण करविले’ असा शेरा मारून त्यांनी तारीखवार सही केली, आणि एक प्रत वहिनींकडे मंजुरीसाठी पाठवली.