बारा नखांच्या प्राण्याचा अभ्यास: नवशिक्यांसाठी सूचना

नदीवर जाऊन मऊ पाठीच्या कासवांचा अभ्यास करायचा तुमचा निश्चय झाला असेल तर अभिनंदन. घरी मात्र ‘पक्षी बघायला जातोय’ एवढंच सांगा. पक्ष्यांना समाजात आता प्रतिष्ठा आहे. कासव म्हटलं की आई विचारते, घरी आणणार नाहीस ना. मामा विचारतो, यात पुढे नोकरी आहे का. आणि शेजारचे काका दार लोटून घेत हळूच विचारतात, वीसनखी असतं का रे? काकांना जरा थांबवून ठेवा.

आधी कासव ओळखायला शिका. देवळात गाभाऱ्यासमोर असतं त्या दगडी कासवावर विसंबू नका. त्याच्या पाठीवर चौकटी कोरलेल्या असतात आणि मुख्य म्हणजे ते जागचं हलत नाही. आपल्या कासवाच्या पाठीवर चौकटी नाहीत, खवले नाहीत. आत हाडं, वरून गुळगुळीत कातडं आणि कडा तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या धिरड्यासारख्या लवलवीत. मान लांब, नाकाची बारीक नळी पुढे आलेली.

सोपा प्रकार तळ्यात, कालव्यात, भातखाचरात, झालंच तर विहिरीत सापडतो. त्याच्या पोटाकडे कातड्याच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की वरून झडप बंद. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात गाडून घेतं आणि पाऊस पडला की रस्त्यावरून चालत निघतं. याच्या अभ्यासाला विहीर आणि वाकून बघायची तयारी पुरते.

खरी परीक्षा लीथच्या कासवाची. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1872 साली त्याचं वर्णन केलं आणि मुंबईतले डॉक्टर लीथ यांचं नाव त्याला दिलं. ज्या नमुन्यांवरून हे वर्णन झालं ते पुण्याचे. म्हणजे हे कासव जगाला पुण्यानं दिलं, आणि पुण्यात त्याबद्दल एकही पाटी नाही, हे मला अजून पटलेलं नाही. भारताच्या द्वीपकल्पातल्या नद्या सोडल्या तर ते जगात कुठेच नाही. मुठेच्या पुलावर उभं राहून खाली बघत अभ्यासाला सुरुवात करता येईल, पण त्या विषयाला रसायनशास्त्र म्हणतात. तुम्ही एसटी धरा आणि शहरापासून लांबचा एखादा डोह गाठा.

साहित्य फार लागत नाही. साधी दुर्बीण, टोपी, पाणी, वही आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई ओल्या हातानं फुटते. ड्रोन नको. ड्रोन उडाला की गावातली सगळी पोरं काठावर आणि सगळी कासवं तळाला.

सकाळी कोवळ्या उन्हात, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेतानं बसा आणि पाण्याकडे बघत राहा. बऱ्याच वेळानं एक काडी वर येईल, बोटाच्या पेराएवढी. संथ पाण्यातसुद्धा काडी थोडी सरकते. ही सरकत नाही. तिच्याभोवती पाण्याला बारीक मुरड पडते, टोकाशी दोन भोकं दिसतात आणि तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत काडी गेलेली असते. झालं दर्शन. वेळ लिहा. डोकं वर आलंच तर रंग बघा: हिरवट डोक्यावर, डोळ्यांच्या मधून निघून मानेकडे गेलेली काळी रेघ असेल तर तुम्ही नशीबवान. आता पुढची काडी कधी, असं विचारू नका. या प्राण्याला घशाच्या अस्तरातून आणि कातडीतून पाण्यातला प्राणवायू घेता येतो, त्यामुळे वर यायची त्याला घाई नसते. घाई तुम्हाला असते, कारण परतीची एसटी साडेपाचची.

हात लावू नका. ही मान तुमच्या अंदाजापेक्षा लांब असते आणि पाठीवरून मागे वळते. ‘मागून धरलं की चावत नाही’ असं सांगणारा भेटला तर आधी त्याची बोटं मोजा. शिवाय कासव पकडणं, पाळणं, विकणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मोजमापासाठी धरायचं झालं तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते. नवशिक्यानं दोन्ही हात वहीवर ठेवावेत.

आता खरा अभ्यास. तो पाण्यात होत नाही, काठावर जाळं विणत बसलेल्या भोयाजवळ होतो. पहिल्या दिवशी कासवाचं नाव काढू नका. पावसावर बोला, धरणाचं पाणी कधी सुटणार त्यावर बोला, यंदा मासा का नाही त्यावर बोला. मग जाळं कशानं फाटलं, इथे गाडी आली की कासव आपोआप येतं. ‘खाता का?’ असं विचारायचं नाही. ‘शेवटचं कधी बघितलं?’ असं विचारायचं. म्हातारा म्हणेल, पूर्वी गळाला लागायची, आता नाही. पोरगा म्हणेल, आज्याच्या तोंडून ऐकलंय. हे दोन्ही शब्दशः, वयासकट लिहून घ्या. भारत सरकारनं 2022 साली पनामात भरलेल्या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लीथच्या कासवाबद्दल हेच आकड्यात मांडलं: 30 वर्षांत सुमारे 90 टक्के घट. या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली ती त्यानंतर. म्हाताऱ्यानं हे चहाच्या एका कपात सांगितलेलं असतं.

अंड्यांच्या जागाही शोधा. अंगानं मऊ असलेली ही जात अंडी मात्र टणक कवचाची, गोल घालते, काठच्या वाळूमातीत खड्डा करून. तिथे तुम्हाला कासवाच्या आधी ट्रॅक्टर भेटेल. वाळू कुठे चालली हे विचारू नका, दुर्बीण पिशवीत घाला आणि बुटाची नाडी बांधत बसा. ती कुठे चालली हे आपल्याला ठाऊक आहे: आपल्या स्लॅबमध्ये. कासव कमी का झालं यावर चर्चासत्रं खुशाल भरवा, पण ती भरतात त्या सभागृहाच्या बांधकामातही ही वाळू असते.

राहिले काका. वीस नखांच्या कासवामुळे पैशांचा पाऊस पडतो म्हणे. त्यांना शांतपणे सांगा की मऊ पाठीच्या कासवाला पायाला तीन, म्हणजे एकूण बारा नखं असतात. पाऊस पडलाच तर पोलिसांचा पडेल. सांगताना डोहाचं नाव मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. फोटो टाकायचा मोह झालाच तर आधी त्यातून पूल, देऊळ आणि ठिकाणाची नोंद काढून टाका, कारण काकांसारखेच पण गाडी घेऊन येणारे लोकही फोटो बघतात.

आणि जाळ्यात अडकलेलं किंवा कुणी विकायला आणलेलं कासव दिसलं, तर वहीत नोंद करत बसू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर आधी फोन करा.