भारहीनताबाईंस अनावृत पत्र

मु. लष्कर, ग्वाल्हेर

श्रीमती भारहीनताबाई यांच्या सेवेशी,
स. न. वि. वि.

आपल्या पाहुणचाराची कीर्ती आमच्यापर्यंत पोहोचली आहे. २०२५ च्या जून-जुलैत अंतराळवीर शुभांशु शुक्ला अठरा दिवस अंतराळ स्थानकात आपल्याकडे राहिले. परतल्यावर त्यांना चालण्याची सवय पुन्हा करावी लागली. तरंगेल अशा समजुतीने सोडलेला लॅपटॉप खाली पडला. एवढ्याशा मुक्कामात केवढा लळा लावलात! आभारी आहे.

पाहुण्याच्या पायांवरचं ओझं आपण दारातच उतरवून घेता, आणि त्यासोबत हाडांतलं कॅल्शियमही. कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. भार सोसला तरच हाड टिकतं, हा धडा आपणच दिलात.

अंगातलं पाणी डोक्याकडे सरकवून आपण चेहरे गुबगुबीत करता, तेही गोड मानून घेऊ. डोळ्यांना मात्र सोडा. महिनोन्‌महिने राहिलेल्यांपैकी काहींच्या दृष्टीच्या मज्जातंतूला सूज येते.

रोज दोनेक तास व्यायाम करवून घेता, याबद्दलही ऋणी आहोत. एवढा घाम गाळूनही झीज पुरती थांबत नाही.

२०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी स्थानकावर काही उंदरांना गरगर फिरवून पृथ्वीइतका भार दिला. पस्तीस दिवसांनी त्यांची हाडं आणि स्नायू शाबूत होते. तरंगणाऱ्यांचे झिजले होते. माणसाला मिनिटाला दोनच फेऱ्यांत तेवढा भार द्यायचा, तर त्याला फिरवणाऱ्या चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. लहान चाक जोरात फिरवावं लागतं, मग मान वळवली तरी घेरी येते.

तरी आमची उमेद खचलेली नाही. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या आमच्या मेळ्यात मी लहानपणी ‘मौत का कुआँ’ पाहिला. मोटारसायकल उभ्या भिंतीवर धावायची, वेग तिला भिंतीशी दाबून धरायचा. २०२४ मध्ये मिलानच्या संशोधकांनी तशाच कुव्यात, लवचीक दोरांनी वजन चंद्रावरच्याइतकं हलकं करून, माणसं नुसत्या पायांनी भिंतीवर पळवली! चंद्रावरच्या वस्तीत रोज अशी थोडी धाव घेतली तर हाडं राखता येतील, असं ते म्हणतात.

बाई, मंगळाची वाट सहा-सात महिन्यांची आहे. तिथे उतरणारं आमचं लेकरू स्वतःच्या पायांवर उभं राहिलं पाहिजे. आपण बदलणार नाही. म्हणून आम्हीच आमचं वजन सोबत घेऊन येऊ.

कळावे. लोभ आवरता घ्यावा, ही विनंती.

एक ग्वाल्हेरकर